चिंगीने जीव दिला नाही

'डॉक्टरबाई, आम्ही लालबागला राहतो. चाळ पाडली, चार वर्षं ट्रान्झिटमध्ये काढली आणि गेल्या दिवाळीत नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर आलो. दीड महिन्यापूर्वी सासूबाई गेल्या. त्यांची मांजर चिंगी सहा वर्षांची, कायम त्यांच्या पायाशी झोपायची. आई गेल्यावर आठ दिवस ती त्यांच्या गोधडीवरून हलली नाही, बोंबील पुढे ठेवला तरी तोंड फिरवायची. मग हळूहळू मिस्टरांच्या हातून खायला लागली. दहाव्याला बाणगंगेवर कावळा शिवेना. शेवटी मिस्टरांनी हात जोडून "चिंगीला आम्ही सांभाळू" म्हटलं आणि लगेच शिवला. त्यानंतर आठव्या दिवशी पहाटे चिंगी आईंच्या खोलीच्या खिडकीतून खाली गेली. त्या खोलीत दिवा लावतो म्हणून हल्ली खिडकी उघडी ठेवत होतो. एसीच्या बाहेरच्या युनिटवर कबुतरांनी घरटं केलंय, तेही काढायचं राहून गेलंय. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तिचा फोटो टाकून लिहिलं, "मालकिणीसाठी मुक्या जीवाने देह ठेवला." नणंद म्हणते, तुमचं लक्ष नव्हतं म्हणून तिने असं केलं. मिस्टर रात्र रात्र झोपत नाहीत, वचन मोडलं म्हणतात. आणि परवा आमच्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं, "चिंगी आजीकडे गेली ना? मग आपल्यालापण जाता येतं का?" मला काही बोलताच आलं नाही. प्राणी खरंच असा जीव देतात का?'
— एक वाचक, लालबाग

ताई,

तुमचा प्रश्न चिंगीचा आहे, पण मी मुलापासून सुरुवात करते. चिंगीचं उत्तर चार दिवसांनी मिळालं तरी चालेल, त्याचं आजच द्यायला हवं.

नऊ वर्षांचं मूल असं विचारतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला आजी हवी असते, एवढंच. पण 'बहुतेक वेळा'वर आपण विसंबायचं नाही. त्याला रागावू नका, 'असं अभद्र बोलू नये' म्हणून गप्पही करू नका. आज रात्री जेवणं झाली की त्याला कुशीत घ्या आणि सरळ विचारा, 'आजीकडे जावंसं वाटतं म्हणजे तुला नक्की काय वाटतं, सांगशील?' विचारल्याने नसलेला विचार मनात शिरेल अशी भीती आयांना वाटते. तसं होत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तो पुन्हा पुन्हा तेच बोलू लागला, एकलकोंडा झाला, जेवणझोप बिघडली, तर वाट बघत बसू नका. केईएमचा मानसोपचार विभाग तुमच्या घरापासून जवळ आहे. आणि रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. तुमच्या मिस्टरांसाठीसुद्धा हाच नंबर लिहून ठेवा. आईंच्या खोलीची खिडकी आज बंद करून तिला कडी घाला.

आता चिंगी.

मी पस्तीस वर्षं दादरला प्राण्यांचा दवाखाना चालवला. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून बाहेर पडले तेव्हा खिडकीतून पडलेलं मांजर क्वचित यायचं. चाळी जाऊन टॉवर आले तशी ती येतच राहिली. हनुवटी फुटलेली, तोंडातला टाळू मधोमध चिरलेला, छातीत हवा भरल्यामुळे श्वास लागलेला, पुढचा पाय मोडलेला. जखमा इतक्या सारख्या असतात की पिशवी उघडताच कळायचं, हे खिडकीतून आलंय. आमच्या शास्त्रात याला वेगळं नावच आहे, 'हाय-राइज सिंड्रोम'. १९८७ साली न्यूयॉर्कमधल्या दोन पशुवैद्यांनी अशा १३२ मांजरांची नोंद छापली. दुसऱ्या मजल्यापासून बत्तिसाव्या मजल्यापर्यंत कुठून कुठून पडलेली आणि त्यांतली शेकडा नव्वद वाचलेली. हा आकडा वाचून लोक म्हणू लागले की मांजर कितीही उंचावरून पडलं तरी जगतं. पण ही दवाखान्यात आणलेली मांजरं होती. जी जागीच जातात त्यांना कोण दवाखान्यात आणतं? तेव्हा 'मांजर पडून मरत नसतं, म्हणजे हिने मुद्दामच केलं असणार' असं कुणी तुम्हाला ऐकवलं असेल तर ते मनातून काढून टाका.

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं तुम्ही जाता जाता लिहिलीत, माझं लक्ष तिथेच अडकलं. दिवा लावतो म्हणून खिडकी उघडी होती. बाहेर युनिटवर कबुतराचं घरटं होतं. आई असताना बंद राहणारी खिडकी उघडी, पहाटेची वेळ आणि दोन हातांवर कबुतर घुमतंय. मांजराचा सगळा जीव त्या क्षणी डोळ्यांत गोळा होतो. शेपटीचं टोक हलत असतं, मागचे पाय जागच्या जागी रोवले जात असतात. खाली किती मजले आहेत याची दखल ते घेत नाही. चाळीतल्या खिडकीला लाकडी चौकट असायची, नखं रुतायची. चुकून पाय सरकलाच तरी नखांवर लटकून वर येता यायचं. टॉवरमध्ये खाली गुळगुळीत ग्रॅनाइट आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंगची पट्टी. तिथे नख रुतायला काही नसतं. तुमच्या खिडकीच्या कट्ट्यावरून एकदा हात फिरवून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

गिरगावातले एक आजोबा चौथ्या मजल्यावरून पडलेला बोका घेऊन माझ्याकडे आले होते. नातू अमेरिकेला गेला त्याच आठवड्यात हे झालं, म्हणून त्यांना खात्रीच होती की बोक्याने दुःखाने उडी घेतली. सांगताना त्यांचा आवाज कापत होता. बोक्याच्या पायाला प्लास्टर घातलं आणि त्याला पिंजऱ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या गजावर कावळा बसला, तर हा प्लास्टरच्या पायासकट त्याच्यावर झेपायला निघाला, पिंजऱ्याच्या जाळीवर नाक आपटेपर्यंत. आजोबा तिथेच होते. त्यांनी ते पाहिलं आणि खुर्चीत बसून बराच वेळ रडले. मला वाटतं, आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांना मोकळं वाटलं असावं.

तुम्ही विचारता, प्राणी खरंच जीव देतात का. अशा गोष्टी मी आयुष्यभर ऐकत आले, आणि ज्या गोष्टीच्या मुळाशी जाता आलं तिथे दर वेळी वेगळंच काही निघालं.

माझं आजोळ सावंतवाडीकडचं. तिथे मुलं विंचू सापडला की त्याच्याभोवती रॉकेलचं रिंगण करून पेटवायची. विंचू इकडून तिकडे धावायचा, मग मधोमध थांबून नांगी पाठीवर वळवायचा, थरथरायचा आणि निपचित पडायचा. 'बघ, हार दिसली तेव्हा स्वतःलाच नांगी मारली त्याने,' असं मोठी मुलं सांगायची. मी सात-आठ वर्षांची असेन, मला तो विंचू फार स्वाभिमानी वाटला होता. खरी गोष्ट अशी की आगीच्या धगीने त्याच्या अंगाला आचके येतात आणि आचक्यात नांगी वर वळते. आल्फ्रेड बोर्न नावाच्या प्राध्यापकाने मद्रासमध्ये याचे प्रयोग केले आणि १८८७ साली दाखवून दिलं की विंचवाचं विष त्याच जातीच्या विंचवाला मारतच नाही. म्हणजे तो विंचू होरपळून मेला, आणि आम्ही मुलांनी त्याच्या मरणाला शौर्याची गोष्ट लावून दिली, त्यामुळे आमच्या हातातल्या काडीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

लेमिंगची गोष्ट तर याहून वाईट. उत्तर ध्रुवाकडचा हा उंदरासारखा प्राणी झुंडीने कड्यावरून समुद्रात उड्या टाकतो, असं आजही शाळेत शिकलेली माणसं सांगतात. डिस्नेने १९५८ साली काढलेल्या 'व्हाइट विल्डरनेस' या माहितीपटात ते दृश्य आहे, त्या चित्रपटाला ऑस्करही मिळालं. १९८२ साली कॅनडाच्या टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाने त्यामागचं सत्य बाहेर काढलं. चित्रीकरण झालं ते आल्बर्टा प्रांतात. त्या प्रांताला समुद्रच नाही. लेमिंग दुसरीकडून विकत आणले होते आणि नदीच्या काठावरून माणसांनी त्यांना खाली लोटलं होतं. खऱ्या लेमिंगची संख्या दर तीन-चार वर्षांनी भरमसाट वाढते, मग ती नव्या जागेच्या शोधात निघतात, वाटेत नदी-तळं पोहून जाताना काही बुडतात. एवढंच.

आसामातलं जतिंगा गाव 'पक्ष्यांच्या आत्महत्येचं गाव' म्हणून प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या शेवटी, अमावास्येच्या आसपास, धुक्याच्या रात्री पक्षी तिथल्या दिव्यांकडे झेपावतात. दिवसा वावरणारे तिथलेच पक्षी रात्री का उडतात, याचं आपल्या सलीम अलींनाही कोडं पडलं होतं. पण ते मरत होते ते गावकऱ्यांच्या बांबूंनी. स्कॉटलंडमधल्या ओव्हरटन पुलावरून कुत्रे उड्या मारतात म्हणतात. तिथे खाली मिंक नावाच्या प्राण्याचा उग्र वास असतो आणि दगडी कठडा इतका उंच की कुत्र्याला पलीकडची खोली दिसतच नाही. देवमाशांचंही तसंच. जानेवारी २०१६ मध्ये तमिळनाडूच्या थूथुकुडी किनाऱ्यावर ऐंशीहून जास्त पायलट व्हेल वाळूवर आले आणि त्यांतले बरेच मेले. तेव्हा 'सामूहिक आत्महत्या' हाच शब्द फिरत होता. हे देवमासे कळप सोडत नाहीत. एक आजारी किंवा वाट चुकलेला उथळ पाण्यात शिरला की बाकीचे त्याच्यामागे येतात, आणि त्यांतल्या काहींना लोकांनी खोल पाण्यात नेऊन सोडलं तरी ते पुन्हा किनाऱ्याकडे वळतात. त्यांना मरायचं नसतं, आपल्या माणसाला सोडून जायचं नसतं. प्राण्यांच्या बाबतीत 'आपलं माणूस' म्हणणं बरोबर आहे का मला माहीत नाही, पण मला दुसरा शब्द सुचत नाही.

मग प्राण्यांना दुःख होत नाही का? होतं. याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. चिंगी आठ दिवस गोधडीवरून हलली नाही, ते दुःखच होतं. टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात जेन गुडाल यांनी फ्लो नावाच्या चिंपांझी मादीचं आणि तिच्या फ्लिंट नावाच्या मुलाचं आयुष्य वर्षानुवर्षं पाहिलं होतं. १९७२ साली फ्लो मेली. फ्लिंट तेव्हा आठ वर्षांचा, पण आईला चिकटूनच असायचा. त्याने खाणं टाकलं, कळपापासून दूर बसू लागला आणि महिन्याच्या आत, आई जिथे मेली त्या जागेजवळच गेला. दुःखाने शरीर खचतं, आजार पटकन धरतो, हे आपण माणसांतही पाहतो. पण 'मी आता मरणार' असं ठरवायचं तर मरण म्हणजे काय, ते मलाही येणार आणि अमुक केलं की ते येतं, एवढं सगळं कळावं लागतं. मांजराला ते कळतं असं मानायला मला पस्तीस वर्षांत एकही कारण सापडलं नाही. डॉल्फिनबद्दल मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. 'फ्लिपर' मालिकेत काम करणारी कॅथी नावाची डॉल्फिन १९७० साली आपल्या मिठीत श्वास घेणं थांबवून मेली, असं तिचे प्रशिक्षक रिक ओबॅरी सांगतात. डॉल्फिनचा श्वास आपल्यासारखा आपोआप चालत नाही, प्रत्येक श्वास ठरवून घ्यावा लागतो. ही एका माणसाची आठवण आहे, पण त्यानंतर त्याने डॉल्फिन शिकवणं कायमचं सोडलं आणि उरलेलं आयुष्य त्यांना सोडवण्यात घातलं. तिथे मी वाद घालत नाही.

आपल्याकडे अशी गोष्ट म्हटली की रायगडावरचा वाघ्या आठवतो. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली, हे लहानपणी ऐकताना माझ्याही अंगावर काटा यायचा. समकालीन कागदपत्रांत त्याचा आधार मिळत नाही, त्यावरून वादही झाले. मला त्यात पडायचं नाही. मला एवढंच वाटतं, की ही गोष्ट आपल्याला इतकी प्रिय आहे कारण प्रेमाचं माप आपण मरणाने घेतो. जो मागोमाग गेला त्याचं प्रेम खरं. आणि ताई, नेमकं हेच तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं गेलंय. त्यांनी चांगल्या मनाने लिहिलं. पण नऊ वर्षांच्या मुलाने त्यातून काय वाचलं? चिंगीचं आजीवर प्रेम होतं म्हणून ती गेली. माझंही आहे.

त्याला हाचिकोची गोष्ट सांगा. टोकियोतल्या एका प्राध्यापकाचा कुत्रा. मालक १९२५ साली कामावर असतानाच वारले, घरी परतलेच नाहीत. हाचिको त्यांना घ्यायला रोज शिबुया स्टेशनवर यायचा, तसाच येत राहिला, जवळजवळ दहा वर्षं. लोकांनी दिलेलं खाल्लं, ऊन-पाऊस काढला, पुन्हा स्टेशनवर गेला. १९३५ साली म्हातारा होऊन गेला. पुढे तपासणी झाली तेव्हा त्याच्या शरीरात कर्करोग सापडला. तो विरहाने मेला नाही. तो मालकाची आठवण ठेवून दहा वर्षं जगला. मुलाला हे 'जगला' नीट ऐकू जाऊ द्या.

आता मिस्टरांना. तुम्ही बाणगंगेवर शब्द दिलात आणि पाळलात. हे मी समजूत घालायला म्हणत नाही, मांजराच्या डॉक्टरच्या नजरेने म्हणते. अन्न टाकलेलं मांजर आम्हाला फार घाबरवतं. माणूस आठ दिवस अर्धपोटी राहिला तरी सावरतो, मांजराच्या यकृतात मात्र चरबी साठायला लागते आणि ते त्यातच जाऊ शकतं. (वाचकांनी हे लक्षात ठेवावं, दोन दिवस मांजराने तोंडात काही घेतलं नाही तर दवाखाना गाठायचा.) चिंगी तुमच्या हातून खायला लागली, तेव्हाच तुम्ही तिला मागे ओढून आणलंत. दुःखात बुडालेलं मांजर कबुतराकडे बघतसुद्धा नाही. ज्या पहाटे ती त्या कट्ट्यावर चढली, त्या पहाटे ती शिकारीला निघाली होती. तुमच्या हातचं खाऊन तिच्यात ते बळ परत आलं होतं.

खिडकी उघडी राहिली, घरटं काढायचं राहिलं, हे खरं आहे. ते टाळता आलं असतं, हेही मी लपवत नाही. घरातलं माणूस गेल्यानंतर पंधरा-वीस दिवसांत कुणाला खिडकी आठवते? या शहरात शेकडो घरांत आत्ता तशीच खिडकी उघडी आहे, आणि म्हणूनच तुमचं पत्र मी छापते आहे. नणंदबाईंना हे उत्तर वाचायला द्या. आई त्यांचीही गेली आहे. कुणावर तरी रागावल्याशिवाय काहींना रडता येत नाही.

ग्रुपवर भांडू नका. एकच ओळ लिहा: 'चिंगी कबुतरामागे गेली आणि घसरली, आपापल्या खिडक्यांना जाळी लावून घ्या.' कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही आणि एखादं पोर किंवा मांजर वाचतं.

जाळीबद्दल दोन शब्द. डासांची जाळी मांजराचा भार घेत नाही, तिच्या भरवशावर राहू नका. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चालते, पण ती खिडकीभर ताणून, चारही बाजूंनी हुकांत पक्की बसवलेली हवी. सोसायटी ग्रिलला नाही म्हणत असेल तर जाळी आतल्या बाजूने लावता येते. तारांची 'इनव्हिजिबल ग्रिल' घेतलीत तर दोन तारांमधलं अंतर मोजून घ्या, दोन इंचांतून मांजराचं पिल्लू सहज जातं. दर पावसाळ्यानंतर जाळी हाताने ओढून बघायची, उन्हाने नायलॉन कुजतं. घरट्यात पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा, तोवर खिडकी बंद.

मुलाला काय सांगायचं, ते शब्दांत लिहून देते, कारण अशा वेळी शब्द सुचत नाहीत: 'चिंगीला आजीची खूप आठवण यायची. पण ती आजीकडे जायला गेली नाही. तिला कबुतर पकडायचं होतं, पाय सरकला आणि ती पडली. मेलेलं कुणी परत येत नाही आणि मेल्यावर कुणाला भेटायला जाता येत नाही. आठवण आली की मला सांग, आपण दोघं मिळून आजीबद्दल बोलू.' घरी कुणी म्हणेल, एवढं कठोर कशाला, 'देवाघरी गेली' म्हणा की. मोठ्यांनी आपसात तसं म्हणावं. पण देवाघर हे ठिकाण आहे आणि तिथे खिडकीतून जाता येतं असं त्याच्या मनात बसलेलं असताना नको.

आणि जाळीवाला येईल तेव्हा मुलाला शाळेतून आल्यावरचीच वेळ ठरवा. टेपचं दुसरं टोक त्याला धरू द्या, माप त्यालाच वहीत लिहू द्या. आईंच्या खोलीपासून सुरुवात करा.